पडद्याकडे पाठ

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत एक वाक्य आहे. 'सदर सभासद चित्रपट पाहण्याऐवजी महिला सभासदांचे निरीक्षण करीत असल्याचे त्यांच्याच वहीवरून स्पष्ट झाले.' अक्षर माझं आहे. ठाण्याला सरकारी कचेरीत मी पस्तीस वर्षं सभांची इतिवृत्तं लिहिली. एकही शब्द खोटा न वापरता खोटं कसं लिहायचं, ते तिथे शिकलो. हे वाक्य कुणीही तपासावं, त्यात खोटा शब्द सापडणार नाही. तरीही माझ्या हातून लिहिलं गेलेलं ते सगळ्यात खोटं वाक्य आहे. ज्या गृहस्थांबद्दल ते लिहिलं, ते आता नाहीत. मी अजून आहे. म्हणून मंडळाच्या वार्षिक अंकात हे छापायला देतो आहे. अंकाच्या संपादक नेनेबाई आहेत. त्यांनी यातली एकही ओळ कापू नये.

नव्या सभासदांसाठी थोडं सांगतो. डोंबिवली पूर्वेला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये महिन्यातले दोन शनिवार दुपारी चार वाजता सिनेमा दाखवतात. मराठीच दाखवायचा, हा नियम पहिल्याच सभेत ठरला. बाकीचं घरी टीव्हीवर दिसतंच, आपलं कोण बघणार, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. बायका डावीकडे बसतात, पुरुष उजवीकडे. हे कुणी ठरवलेलं नाही, पण तसंच होतं. वर्षाच्या शेवटी हात वर करून मतदान होतं आणि मंडळाचा आवडता मराठी सिनेमा जाहीर होतो. तो वर्धापनदिनाला बटाटेवड्याबरोबर पुन्हा दाखवतात. त्या वेळी सेक्रेटरी मी होतो.

ते गृहस्थ पहिल्यांदा आले ते उन्हाळ्यातल्या एका शनिवारी. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि बाहेर रखरखीत ऊन असताना वरच्या खिशात बॅटरी. नाव नोंदवलं, पत्ता सांगितला, आधी काय करत होता या प्रश्नाला 'नोकरी' एवढंच उत्तर दिलं. मग खुर्चीकडे न जाता ते थेट मागच्या दाराशी गेले. कडी काढली, दार ढकललं, ओढलं, पुन्हा ढकललं.

"हे दार अडतं," ते मला म्हणाले.

"तिथून कुणी जात नाही हो."

"आग लागल्यावर जातील."

त्यांनी खुर्च्या मोजल्या. पहिल्या रांगेतली एक उचलली, पडद्याच्या डाव्या कोपऱ्याखाली नेली, आमच्याकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यावर बसले.

"अहो काका, पडदा तुमच्या मागे आहे!" कुणीतरी ओरडलं. हॉल हसला.

"माहितेय," ते म्हणाले. "तो कुठे जात नाही."

आणि दिवे गेल्यावर सव्वादोन तास त्यांनी आमच्याकडे बघितलं. पडद्याचा उजेड आमच्या तोंडावर पडायचा, त्यांचं तोंड अंधारात. मधूनच मांडीवरच्या वहीत पेन्सिल हलायची. त्यांचं बारसं त्याच दिवशी झालं. सगळे त्यांना पाठमोरे म्हणायला लागले, जणू ते आडनावच होतं.

त्या दिवसांत आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचं घोंगडं भिजत पडलं होतं. कोण सही करणार, कोण नाही, यावरून जिन्यात बोलणं बंद झालेली घरं होती. त्यामुळे पहिला संशय तोच आला: हा बिल्डरचा माणूस आहे, कोण कुणाशेजारी बसतं ते लिहून नेतो. दुसरा तर्क पोलिसखात्याचा होता. तिसरा तर्क बायकांनी काढला आणि तो पुरुषांना लगेच पटला. नेनेबाई चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या, घाबरणाऱ्यातल्या नाहीत. त्याही मला म्हणाल्या, "सेक्रेटरी, समोर बसून कोणी एकटक बघत असेल तर रडायचं तरी कसं हो? मी आजकाल सिनेमात पदरच सावरत बसते."

संशय एकतर्फी नव्हता. त्यांचाही आमच्यावर होता. सिनेमा संपला की दाराशी उभे राहायचे आणि बाहेर पडणाऱ्या एकेकाला विचारायचे, "आवडला?"

"अप्रतिम!" एकदा आमचे अध्यक्ष म्हणाले.

"मग दोनदा घड्याळ का बघितलंत?"

अध्यक्ष तो प्रश्न कधी विसरले नाहीत.

सिनेमाचं नाव ते कधी घेत नसत. प्रत्येक सिनेमा त्यांच्या तोंडी एका वस्तूचा किंवा जागेचा असे. विहिरीचा, नथीचा, जळक्या पत्राचा. दिग्दर्शक कोण, नट कोण, कशाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. आमच्या मंडळाचा दरवर्षी निवडून येणारा सिनेमा म्हणजे एका ध्येयवादी मास्तरांचा, कृष्णधवल, बक्षीस मिळालेला. शेवटी मास्तर जातात आणि शाळेची घंटा आपोआप वाजते. पाठमोऱ्यांच्या भाषेत तो घंटेचा. मतदानाला त्याच्या नावावर अख्खा हॉल हात वर करी. ते होते त्या तीन वर्षांत त्यांनी एकदाही हात वर केला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "हात खोटं बोलतो. मान बोलत नाही."

"म्हणजे?"

"चांगल्या सिनेमाला माणसाची मान पुढे येते. त्याला कळत नाही. घंटेला तुमच्या सगळ्यांच्या माना मागे असतात."

माझी बायको शैला तेव्हा होती. ती बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत, नेनेबाईंच्या शेजारी बसायची. पाठमोऱ्यांना न घाबरणारी ती एकटीच. मी घरी त्यांच्याबद्दल कुरकुरायला लागलो की म्हणायची, "बसू द्या ना तसं. या वयात आपल्याकडे कुणी दोन तास लक्ष देऊन बघतंय, ते काय वाईट आहे?"

तिच्या बोलण्यात टोमणा होता का, हे मी तेव्हा विचारलं नाही.

आता शिट्टीचा सिनेमा. हा आमच्या फर्नांडिसने पेनड्राइव्हवर आणला. फर्नांडिस मूळचा ठाण्याकडच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतला, खोपटच्या एसटी डेपोत फिटर होता, आता मुलीकडे डोंबिवलीत राहतो. त्याला विनोदी मराठी सिनेमांचं वेड. गोष्ट अशी: एक एसटी कंडक्टर, त्याची शिट्टी नेमकी त्याच दिवशी हरवते ज्या दिवशी त्याचा होणारा सासरा गुपचूप त्याच्या गाडीतून प्रवास करतो आहे. बस मागे घ्यायची तर शिट्टी लागते. तो तोंडाने शिट्टी मारतो आणि प्रत्येक गावात कुणीतरी बाई वळून बघते. सासरा सगळं बघत असतो. असला सिनेमा.

मी मध्यंतरात दिवे लावले, पडद्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "आपल्या मंडळाला एक पातळी आहे. हा पांचटपणा आपण पुढे बघायचा नाही." पेनड्राइव्ह काढला आणि उरलेल्या वेळात एका किल्ल्यावरचा माहितीपट लावला. अध्यक्षांनी टाळी वाजवली. फर्नांडिस पुटपुटला, "पातळी म्हणे! डेपोत असतास तर टायरखाली गेली असती तुझी पातळी."

पाठमोरे माझ्याजवळ आले. "अर्ध्यात शो बंद केला की लोक खुर्च्या तोडतात," ते म्हणाले. "तुमची माणसं फारच सभ्य आहेत." आणि जाता जाता, "पहिल्या रांगेकडे बघितलंत का तुम्ही?"

मी बघितलं नव्हतं. शैला घरी आल्यावर चहा टाकायला गेली. त्या सिनेमाबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही.

पुढच्या वर्षी ती गेली. आजार तीन आठवड्यांचा झाला. मंडळाने तिच्या आठवणीसाठी एक खास शनिवार ठेवायचं ठरवलं. तिचा आवडता सिनेमा कोणता, असं अध्यक्षांनी विचारलं तेव्हा मी क्षणभरही न थांबता घंटेचा सांगितला. दरवर्षी तिनेही हात वर केला होता, मी स्वतः मोजला होता. त्या दिवशी मी पडद्यासमोर उभा राहून बोललो. माझा आवाज दाटला, रुमाल काढावा लागला, बायका रडल्या. तो दाटलेला आवाज खरा होता, एवढं मला आजही म्हणायचं आहे. मग दिवे गेले.

सिनेमा संपल्यावर लोक माझा हात हातात घेऊन जात होते. शेवटी पाठमोरे आले. मला वाटलं, तेही दोन शब्द सांत्वनाचे बोलतील.

"हा बाईंचा आवडता, असं तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. पुढचे पंधरा दिवस माझ्या डोक्यात काय चाललं होतं, ते मात्र लख्ख आठवतं. त्रेचाळीस वर्षांचा संसार माझा, आणि माझ्या बायकोला काय आवडायचं ते हा माणूस मला विचारतो? याला काय माहीत? कसं माहीत? ती भाजी आणायला जायची तेव्हा हा कुठे असायचा? ती त्याची बाजू का घ्यायची? पंच्याहत्तरीचा माणूस मी, सकाळी एकटा चहा गाळताना मेलेल्या बायकोच्या शनिवारांचा हिशेब मांडत होतो. लाज वाटते लिहायला. पण ती लाज झाकायची असती तर हे लिहायचं कारणच नव्हतं.

पुढच्या शनिवारी ते मागच्या दाराची कडी तपासायला गेले तेव्हा मी त्यांच्या पिशवीतून वही काढून घेतली.

साधी शाळकरी, मधोमध शिवलेली वही. दोन्ही बाजूंनी लिहिलेली. पुढून उघडली की बायका, उलटी करून मागून उघडली की पुरुष. प्रत्येक सिनेमाला वर त्याची खूण, खाली त्या बाजूच्या खुर्च्यांचे आकडे, दोन्हीकडे एकपासून. मी ऑफिसच्या खोलीत दार लावून पुढून वाचायला सुरुवात केली.

'जळक्या पत्राचा. खुर्ची ११, हिरवी साडी. पत्र जळतं तिथे ओठ घट्ट. पुढे बराच वेळ पडदा नाही, जमीन.' 'नथीचा. खुर्ची ३, बाई. नथ परत देते तिथे पदर तोंडात.' अशी पानंच्या पानं. शैलाचा खुर्ची नंबर दोन. मी तिची पानं शोधत गेलो. बहुतेक ठिकाणी एखादा शब्द: 'शांत', 'जांभई', 'शेजारणीशी बोलल्या'. घंटेच्या पानावर, तिन्ही वर्षं: 'हात वर. मान मागे.' आणि शिट्टीच्या पानावर चार ओळी, ज्या मी इथे लिहिणार नाही, फक्त एवढंच की माझी बायको हसताना पायातली चप्पल काढून ठेवते, हे मला त्या पानावर वाचून कळलं.

मग मी वही उलटी केली. पुरुषांची बाजू. अध्यक्ष, फर्नांडिस, सगळे. आणि शेवटचं लिहिलेलं पान हे:

'घंटेचा. बाईंच्या आठवणीसाठी. खुर्ची १, सेक्रेटरी. भाषणात रुमाल. दिवे गेल्यावर बाराव्या मिनिटाला झोप. घंटेला जाग, टाळी पहिली त्यांची. बाईंचा हा नव्हे. बाईंचा शिट्टीचा. अर्धाच.'

तो 'अर्धाच' मी किती वेळ बघत बसलो, सांगता येत नाही. बाहेर सिनेमाचं संगीत सुरू झालं होतं.

मी वहीची मागची बाजू फाडली. सगळी. अठरा पानं. ती घरी गॅसच्या कागदांच्या फायलीत ठेवली. उरलेली वही, फक्त बायकांची, मी दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीपुढे टेबलावर ठेवली; ती नेनेबाईंसकट सगळ्यांच्या हातून फिरली.

सभा पंधरा मिनिटं चालली. फर्नांडिस तेव्हा मुलाकडे आखातात गेलेला. अध्यक्षांनी पाठमोऱ्यांना बोलावून उभं केलं.

"ही वही तुमची?"

"माझी."

"हे सगळं तुम्ही लिहिलंत? बायकांबद्दल?"

"हो."

"कशासाठी?"

त्यांनी वही हातात घेतली. उत्तर द्यायला म्हणून ती उलटी केली आणि मागून उघडली. तिथे काही नव्हतं. शिवणीपाशी राहिलेल्या कागदाच्या दातांवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग डावीकडून सुरुवात करून ते एकेकाच्या तोंडाकडे बघत आले, जसे दर शनिवारी बघायचे तसेच, घाई न करता. माझ्यापाशी थांबले. मी चष्मा काढून पुसायला लागलो.

त्यांनी वही टेबलावर ठेवली. "मागचं दार अजून अडतंय," ते मला म्हणाले. "तेल घाला." नेनेबाईंना म्हणाले, "बाई, तुमच्या खुर्चीवर पंख्याचा वारा सरळ येतो, मान धरते तुमची. एक खुर्ची सरका." आणि गेले. सुरुवातीला दिलेलं ते वाक्य मी इतिवृत्तात लिहिलं. वाचून कायम केलं. कुणीही हरकत घेतली नाही.

फर्नांडिस दोन महिन्यांनी परत आला. पहिल्याच शनिवारी त्याने पडद्याखालचा रिकामा कोपरा बघितला.

"म्हातारा कुठाय?"

अध्यक्षांनी झालेलं सांगितलं. फर्नांडिस आधी हसला, त्याला ती थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा बदलला.

"अरे बाबा, काय केलंत काय तुम्ही लोकांनी? तो कल्याणच्या टॉकीजचा डोअरकीपर! मी जवान असताना ड्यूटी सुटली की तिथे पिक्चरला जायचो, तेव्हापासून त्याला ओळखतो. पडद्याच्या बाजूच्या दारावर असायचा, हातात बॅटरी. आयुष्यभर पब्लिककडे तोंड करून उभा राहिलेला माणूस आहे तो. त्याला पडदा दिसायचा कुठे? दिसला तर असा तिरका, उभा ताणलेला. पिक्चर तो कानाने ऐकायचा आणि आपल्या तोंडावर बघायचा."

"मग ती वही?" मी विचारलं. उत्तर मला हवं होतं की नको होतं, कुणास ठाऊक.

"मालक ठेवायला लावायचा. शुक्रवारी पहिला शो सुटला की मालक त्याला बोलवायचा. बोल, चालेल का? हा वही बघून सांगायचा. लेडीजची साइड वेगळी, जेंट्सची वेगळी, तसं लिहायचा. बायका रडल्या तर पिक्चर दहा आठवडे, कारण त्या पुढच्या खेपेला सासू आणि शेजारीण घेऊन येतात. गाण्यात पुरुष पाणी प्यायला उठले तर दुसऱ्या शुक्रवारी पोस्टर उतरलं. त्याचा अंदाज चुकला नाही कधी. टॉकीज पाडलं, मालक गेला, पण सवय कुठे जाते?" मग तो माझ्याकडे वळला. "पण वहीत जेंट्स पण असणार ना रे. ते नाही वाचलंत?"

"जी वही मिळाली ती वाचली," मी म्हणालो. हेही वाक्य तपासून घ्या. त्यातही खोटा शब्द नाही.

"तू निदान आधी सांगायचंस, तो कोण आहे ते," अध्यक्ष त्याला म्हणाले.

"त्यानेच नको म्हटलेलं. डोअरकीपर म्हटलं की लोक चहा आणायला सांगतात, म्हणाला."

त्यांना परत बोलवावं, असं कुणी म्हणालं नाही, कारण परत बोलवायचं तर चूक कुणाची, ते आधी ठरवावं लागलं असतं.

त्यांनी नोंदवलेला पत्ता शहाडचा होता; तिथे जायला मला त्यानंतर चार महिने लागले. कल्याणहून रिक्षा केली. नदीच्या अंगाला एका चाळीवजा इमारतीत ते भाचीकडे राहत होते. शर्टाच्या खिशात मी ते एक पान घडी करून नेलं होतं. सतरा घरीच ठेवली होती. यावरूनच माझ्या हिमतीचं माप कळावं.

"मामा, तुमच्या मंडळाचे आलेत," भाचीने आत हाक दिली.

खोलीत टीव्ही चालू होता. भाचीची सासू मालिका बघत होती आणि पाठमोरे टीव्हीच्या खाली खुर्ची टाकून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला बघून त्यांनी समोरच्या स्टुलाकडे बोट केलं. मी दाराजवळ बसणार तर म्हणाले, "तिकडे नको. उजेडात बसा."

"बरे आहात ना?" मी म्हणालो.

"कशाला आलात?"

"सहज."

"शहाडला सहज कोणी येत नाही."

सासूबाई खुदकन हसल्या. मी धीर केला. "फर्नांडिसने सगळं सांगितलं आम्हाला. जरा गैरसमज झाला."

"कोणाचा?"

"मंडळाचा."

"मंडळ शनिवारी पुन्हा भरेल, तेव्हा विचारीन मंडळाला. तुम्ही तुमचं बोला." त्यांची नजर माझ्या तोंडावरून हलत नव्हती. "पानं कुठे आहेत?"

घडी केलेल्या कागदाचं टोक माझ्या छातीला टोचत होतं. हात वर नेला असता तर दोन बोटांत आलं असतं. ते काही ओरडणार नव्हते. बहुतेक ते पान घेऊन त्यांनी वहीच्या मापाने हातावर धरून बघितलं असतं आणि मला चहा दिला असता. आणि कदाचित शैलाबद्दल आणखी काही सांगितलं असतं, जे वहीत मावलं नव्हतं. मी त्यासाठीच गेलो होतो, हे मला तिथे बसल्यावर कळलं. माफी मागायला नाही.

"कुठली पानं?" मी म्हणालो.

ते थोडा वेळ बघत राहिले. मग उठले, दोन्ही हातांनी आपली खुर्ची उचलली, फिरवली आणि टीव्हीकडे तोंड करून बसले. त्यांना पडद्याकडे बघताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मला त्यांची पाठ दिसत होती आणि पांढऱ्या शर्टाची इस्त्री.

"चहा देते हं, आलं घालून," भाची म्हणाली. तो चहा मी प्यायलो.

गेल्या पावसाळ्यात भाचीचा फर्नांडिसला फोन आला. झोपेतच गेले. फर्नांडिस जाऊन आला. मी गुडघ्याचं कारण सांगितलं.

हे लिहायला घेण्याआधी मी नेनेबाईंकडे गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना धक्का बसेल. त्या शांतपणे शेंगा सोलत होत्या.

"वही मधोमध शिवलेली असते हो, सेक्रेटरी," त्या म्हणाल्या. "मागची पानं फाडली की पुढची सुटतात. सभेत वही माझ्या हातात आली तेव्हा पानं लोंबत होती. मी चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात. मला तेव्हाच कळलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी शेंग मोडली. "खुर्ची तीन माझी आहे. नथीच्या पानावर त्यांनी लिहिलंय ना, पदर तोंडात? का, ते घरात कुणाला माहीत नाही. मला वाटलं, हा माणूस गेलेला बरा." दाणे वाटीत टाकून म्हणाल्या, "हेही छापू. कापणार नाही."

तर आता दुरुस्ती. इतिवृत्तातलं ते वाक्य असं वाचावं: 'सदर सभासद महिला आणि पुरुष, सर्वांचेच निरीक्षण करीत असत. सेक्रेटरींनी स्वतःची नोंद लपविण्यासाठी पुरुषांची पाने फाडली.' अठरा पानं मी डिंकाने परत चिकटवली आहेत. वही ऑफिसच्या टेबलावर ठेवतो. ज्याची खुर्ची असेल त्याने आपापली नोंद वाचावी, दुसऱ्याची नको. एकच गोष्ट सर्वांसाठी सांगतो. घंटेच्या सिनेमाला पुरुषांच्या बाजूला तीन वर्षांत मिळून एकही मान पुढे आलेली नाही. अध्यक्षांसकट.

येत्या शनिवारी चार वाजता शिट्टीचा सिनेमा लावायचा आहे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. फर्नांडिसने पेनड्राइव्ह दिला, तोच. देताना म्हणाला, "पातळी सांभाळ हां." उत्तरार्ध मी मुद्दाम आधी बघितलेला नाही. मागच्या दाराला तेल घातलं आहे. मी खुर्ची एकवर बसेन, पडद्याकडे तोंड करून. बाजूच्या रांगेतून ज्यांना माझ्याकडे बघायचं असेल त्यांनी खुशाल बघावं. मला झोप लागली, तर कुणीतरी लिहून ठेवा.